चाळीसचा बाप, बेचाळीसचा मुलगा

साहेब, तुम्ही खोटं बोललात. भर चर्चमध्ये, हातात पवित्र शास्त्र धरून, चारशे माणसांदेखत बोललात. आणि ते खोटं उभं राहावं म्हणून त्याला एका सरळ माणसाच्या नावाचा टेकू दिलात. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. तुम्ही चर्चच्या मंडळाचे प्रमुख, छापखान्याचे मालक म्हणा, धनी म्हणा. तुमच्यासमोर लोक उभ्यानं बोलतात. मी आज बसून लिहितेय.

मी कोण ते तुम्हाला ठाऊक आहे, पण हे पत्र मी तुमच्याबरोबर चर्चच्या मंडळीतल्या सगळ्यांना वाटणार आहे, म्हणून सांगते. मी सातवी पास. तुमच्या छापखान्यात बांधणीखात्यात खळ लावायला लागले. अकरा वर्षं पुस्तकांच्या पाठी चिकटवल्या. पाठी चिकटवता चिकटवता पोटातलं वाचायला लागले. पुस्तक बांधायला आलं की पाच पानं वाचायची, खळ वाळेपर्यंत आणखी पाच. मला वाचन कुणी शिकवलं नाही, फक्त मास्तरांनी एकदा पकडलं.

"काय गं, पुस्तक बांधतेस का चाटतेस?"

"मास्तर, एकशे अकरा पानावर हा माणूस मेला. एकशे तीस पानावर जेवायला बसलाय."

मास्तरांनी पुस्तक घेतलं, दोन्ही पानं पाहिली आणि पुस्तक घेऊनच वर गेले. दुसऱ्या दिवसापासून मी वाचनखोलीत. मास्तर म्हणजे तुमच्या छापखान्याचे मुद्रितशोधक, प्रूफं तपासणारे. पूर्वी शाळेत शिकवायचे म्हणून मास्तर. एकोणचाळीस वर्षं त्यांनी तुमची प्रूफं तपासली. रविवारी चर्चमध्ये शास्त्रातला उतारा वाचायचे तेही तेच. त्यांचा आवाज असा होता की मागच्या बाकावरची चुळबुळणारी पोरंसुद्धा गप्प व्हायची.

वाचनखोली तुम्ही कधी नीट पाहिली नसेल. एक खिडकी, एक टेबल, समोरासमोर दोन खुर्च्या. मास्तरांच्या खुर्चीला हात होते, माझ्या खुर्चीला नव्हते. एकानं मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं प्रुफावर पेन्सिल फिरवायची. आणि वाचायचं कसं? गोष्टीसारखं नाही. "आणि, तो, म्हणाला, स्वल्पविराम." प्रत्येक टिंब बोलायचं. असं वाचलं की अर्थ कानातून गळून जातो आणि नुसते शब्द उरतात. मास्तर म्हणायचे, प्रूफवाल्याला अर्थ लागला की तो चुकला. अर्थ लागला की डोळा पुढं पळतो, जे असायला हवं ते वाचतो, जे आहे ते वाचत नाही.

माझं तिथंच बिनसलं. मला अर्थ लागायचा.

बायबलची नवी आवृत्ती निघाली तेव्हा सोळा महिने आम्ही दोघं समोरासमोर बसून ते पुस्तक अख्खं वाचलं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत. साहेब, तुम्ही व्यासपीठावरून त्यातलं इकडचं एक वचन आणि तिकडचं एक वचन उचलता. आम्ही काहीच गाळू शकत नव्हतो. म्हणून सांगते: आहेत. त्या पुस्तकात चुका आहेत, एकमेकांशी न जुळणाऱ्या गोष्टी आहेत. मी वही केली होती. येशूला पकडून देणाऱ्या यहूदा इस्कार्योतानं एका ठिकाणी गळफास घेतलाय, दुसऱ्या ठिकाणी तो शेतात पालथा पडून पोट फुटून मेलाय. ते शेत एका ठिकाणी याजकांनी विकत घेतलंय, दुसऱ्या ठिकाणी त्यानं स्वतः. पेत्रानं येशूला तीनदा नाकारलं ते कोंबडा एकदा आरवायच्या आधी का दोनदा, यावर शुभवर्तमानं लिहिणाऱ्या चौघांचं एकमत नाही.

मी मास्तरांना छळायचे. खोटं कशाला बोलू? मला त्यात चव यायची. सातवी पास बाई, आणि पाळकाला सापडलं नाही ते मला सापडलंय! सकाळी खुर्चीत टेकायच्या आधी मी वही उघडायचे.

"मास्तर, आज यहूदा."

"मेला तो. सोड त्याला."

"पण कसा मेला ते ठरू दे की."

"वकीलबाई," ते मला वकीलबाईच म्हणायचे, "माझ्या आईला तीन बहिणी. माझे आजोबा वारले ती गोष्ट चौघी चार तऱ्हांनी सांगायच्या. एक म्हणायची, पाणी मागितलं. दुसरी म्हणायची, पाणी दिलं तर नको म्हणाले. तिसरी तर तिथं नव्हतीच, पण सगळ्यात जास्त तीच रडायची. आता सांग, माझे आजोबा वारले का नाही?"

"वारले हो. पण मग चौघींपैकी एकीलाही चूक म्हणायचं नाही असा नियम तुमच्या घरी होता का?"

मास्तर हसायचे. चष्मा पुसायचे. "नव्हता. मावशी रागवायची तेवढंच. चल, वाच."

त्यांची श्रद्धा माझ्या वहीला भीत नव्हती. हे मला तेव्हा कळलं नाही. मला वाटायचं, म्हातारा टाळतोय.

मग तो दिवस आला. बायबलातलं इतिहासाचं दुसरं पुस्तक. मी वाचत होते, मास्तर पेन्सिल फिरवत होते. यहोराम राजा बत्तिसाव्या वर्षी गादीवर बसला, आठ वर्षं राज्य केलं आणि मेला. पुढच्याच अध्यायात त्याचा सगळ्यात धाकटा मुलगा अहज्या गादीवर बसला तेव्हा त्याचं वय बेचाळीस.

मी थांबले.

"स्वल्पविराम का पूर्णविराम?" मास्तर.

"मास्तर, बत्तीस आणि आठ किती?"

"चाळीस."

"बाप चाळीसचा होऊन मेला. धाकटा मुलगा बेचाळीसचा. म्हणजे बापाच्या आधी दोन वर्षं जन्मला. आणि हा धाकटा! थोरला कधी जन्मला असेल?"

मास्तर हसले नाहीत. उठले, राजांचं दुसरं पुस्तक काढलं. तिथं तोच अहज्या बावीस वर्षांचा. जुनी आवृत्ती काढली. तिथंही इकडं बावीस, तिकडं बेचाळीस. मूळ प्रतीत तसंच. म्हणजे चूक आमची नव्हती, जुळणी करणाऱ्याची नव्हती, छापखान्यात कुणाचीच नव्हती.

"कुणीतरी आपल्यासारखाच बसला असेल," मास्तर म्हणाले. "हजारो वर्षांपूर्वी. नक्कल करत. मान अवघडली असेल, डोळा एक ओळ सरकला असेल. त्याच्यामागं तपासायला कुणी नव्हतं बिचाऱ्याच्या." आणि मग म्हणाले, "समासात लिही. आपण बदलायचं नाही, फक्त विचारायचं. उत्तर वरून येईल."

हा आमचा नियम. प्रत पवित्र. प्रत चुकीची वाटली तरी हात लावायचा नाही. समासात शंका लिहायची, खाली सही करायची, पान वर पाठवायचं. मी लिहिलं, "बाप ४०, मुलगा ४२? राजे यात २२ आहे. पाहावे." अक्षर माझं. सही मास्तरांची, कारण माझ्या सहीला तिथं किंमत नव्हती.

पान तीन दिवसांनी खाली आलं. माझ्या ओळीखाली तांबड्या शाईत तुमचं अक्षर, साहेब. "प्रतीप्रमाणे ठेवा. शास्त्रावर शंका घेणे हे तुमचे काम नव्हे." आणि खाली तुमची सही. ऐटदार, शेवटी शेपूट असलेली.

ठेवलं. बेचाळीस छापलं गेलं. तीन हजार प्रती.

पुढं काय झालं ते मंडळीला माहीत आहे, पण अर्धंच. उपासनेनंतरच्या शास्त्राभ्यासाला तुम्ही नवी आवृत्ती हातात घेऊन उभे होतात. म्हणालात, या पुस्तकातलं एक अक्षर दुसऱ्या अक्षराविरुद्ध नाही, कुणाला विरोध दिसला तर तो त्याच्या डोळ्यात आहे. तेव्हा दवाखान्यातल्या त्या नर्सबाई उठल्या. कुचकेपणानं नाही, अगदी साधेपणानं.

"साहेब, मग या राजाचं वय कसं लावायचं? मुलगा बापापेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे. आमच्या वॉर्डात असा फॉर्म आला तर आम्ही परत पाठवतो."

लोक हसले. हसले तेच वाईट झालं. तुमच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, मी मागच्या बाकावरून पाहिल्या. तुम्ही पान पाहिलंत. पुस्तक मिटलंत. आणि म्हणालात, "ही छपाईची चूक आहे. आमच्या मुद्रितशोधकाच्या नजरेतून सुटली. दुरुस्त केली जाईल."

मास्तर पहिल्या बाकावर होते. नुकताच उतारा वाचून बसलेले.

मी त्या क्षणी उठायला हवं होतं. उठले नाही. मनात म्हटलं, उद्या. चर्चमध्ये गोंधळ नको, उद्या ऑफिसात पान दाखवू. भित्र्या माणसाला उद्या फार आवडतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही मास्तरांना वर बोलावलंत. मास्तर मला म्हणाले, "ते पान काढ मांडणीतून. पिशवीत घाल आणि माझ्याबरोबर चल. मी बोलेन. तू फक्त पान टेबलावर ठेव." एवढंच काम होतं माझं. टेबलावर एक कागद ठेवायचा.

तुमच्या ऑफिसात गालिचा आहे. मी चपला बाहेर काढल्या, मास्तरांनी काढल्या नाहीत. तुम्ही आम्हाला बसा म्हणाला नाहीत. टेबलावर चिठ्ठीचा मसुदा होता. "शुद्धिपत्र. मुद्रितशोधकाच्या नजरचुकीने अमुक पृष्ठावर बेचाळीस असे छापले गेले आहे, ते बावीस असे वाचावे." खाली मास्तरांच्या सहीसाठी जागा.

मास्तर म्हणाले, "साहेब, ही चूक आमची नाही. प्रतीत आहे. आम्ही विचारलं होतं."

तुम्ही आवाज चढवला नाहीत. तुम्ही कधीच चढवत नाही. म्हणालात, "मास्तर, बाहेर चारशे माणसं आहेत. म्हाताऱ्या बायका आहेत, आजारी आहेत, या पुस्तकाच्या आधारानं दिवस काढणारी माणसं आहेत. त्यांना आज दोनच गोष्टी सांगता येतील. चूक पुस्तकाची, नाहीतर तुमची. तुम्हीच निवडा."

मास्तरांनी त्या मसुद्याची कड बोटानं सरळ केली. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. ती खूण होती. पान काढ.

तेवढ्यात तुम्हीही माझ्याकडं पाहिलंत. "आणि या बाई कशाला आल्यात? पिशवीत काय आहे?"

मी काय बोलले ते मंडळीला माहीत नाही. आता माहीत होऊ दे.

मी म्हणाले, "डबा आहे, साहेब."

डबा! तुमची सही, तुमचं उत्तर, एकोणचाळीस वर्षं इमानानं राबलेल्या माणसाचं नाव, सगळं त्या पिशवीत होतं आणि मी त्याला डबा म्हणाले. कोंबडा एकदा आरवला का दोनदा यावर मी मास्तरांशी आठवडाभर भांडले होते. त्या दिवशी एकदाही आरवला नाही. खिडकीबाहेर मालाचा ट्रक मागं येत होता, त्याची पिपाणी तेवढी वाजत होती.

का बोलले? कारणं पुष्कळ जुळवली मी नंतर. समासातलं अक्षर माझं होतं, शंका घेतली म्हणून मला पुन्हा बांधणीत पाठवलं असतं. खळीच्या वासात परत जायचं नव्हतं मला. ही सगळी खरी कारणं आहेत. पण याखाली आणखी एक आहे आणि तेही लिहिते. तुम्ही जेव्हा "निवडा" म्हणालात, तेव्हा माझ्या मनात एक उंदीर सळसळला: मास्तर गेले तर ती हातांची खुर्ची कुणाची?

मास्तरांनी सही केली. त्यांची सही साधी, शाळेच्या फळ्यावर लिहावी तशी.

खुर्ची मला मिळाली. महिन्याभरात. तुम्ही स्वतः म्हणालात, "बाई हुशार आहेत." पण खुर्चीच्या आधी तीन हजार चिठ्ठ्या मिळाल्या. बांधणीत माणसं कमी होती, आणि खळ लावायचा हात माझा जुना. पुस्तक उघडायचं, चिठ्ठीच्या वरच्या कडेला बोटभर खळ, पान दाबायचं, मिटायचं, पुढचं. तीन हजार वेळा "मुद्रितशोधकाच्या नजरचुकीने" माझ्या अंगठ्याखालून गेलं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. मी तर दांडाही झाले आणि खळही.

मास्तर कामावर यायचे थांबले. चर्चमध्ये उतारा वाचायला तुम्ही दुसऱ्याला उभं केलंत. "मास्तरांची नजर आता काम देत नाही," असं जाहीर सांगितलंत. प्रेमानं सांगितलंत. लोकांना दया आली. दुसरे दोन छापखाने त्यांना घरी प्रूफं पाठवायचे, त्यांनी पाठवणं बंद केलं. शास्त्रात चूक सोडणाऱ्याच्या हातात कॅलेंडर तरी कोण देईल?

मी पाच महिने गेले नाही त्यांच्याकडं. मग मागच्या बुधवारी दुपारी गेले. काकूंनी, म्हणजे मास्तरांच्या बायकोनं, दार उघडलं.

"बरी आलीस गं. जरा सांग यांना. डोळ्यांच्या डॉक्टरकडं यायला तयार नाहीत. मी म्हणते, एवढी मोठी चूक सुटली म्हणजे नजर गेलीच की नाही? ऑपरेशन सोपं असतं म्हणे."

मास्तर आतल्या खोलीत बसले होते. समोर टेबल रिकामं. पुस्तक नाही, कागद नाही, पेन्सिल नाही. त्या माणसाला मी कधी रिकाम्या टेबलाशी पाहिलं नव्हतं.

"या वकीलबाई. कोर्ट कसं चाललंय?"

मला रडू फुटलं. माझी वाक्यं पाठ होती, ती सगळी सांडली. मी म्हणाले, "काकू, यांची नजर चांगली आहे. चूक यांची नव्हती. पान माझ्याकडं होतं. मी साहेबांना डबा म्हणून सांगितलं."

काकूंना काहीच कळलं नाही. त्या एकदा माझ्याकडं बघत, एकदा नवऱ्याकडं.

"ठाऊक आहे मला," मास्तर म्हणाले. "तुझा डबा त्या दिवशी माझ्या टेबलावर होता."

"मग बोलला का नाहीत? तिथंच पिशवी ओढायची होती माझ्या हातातली!"

"तुझ्या हातातून ओढून घेतलेलं पान काय कामाचं?" त्यांनी रिकाम्या टेबलावरून हात फिरवला. "आणि तू एकटीच भ्यालीस असं समजू नकोस. मला तेव्हा वाटलं, मी हे पुस्तकासाठी करतोय. छाती जरा फुगलीसुद्धा होती. घरी येऊन बसलो तेव्हा उमगलं. पुस्तकाला माझी काय गरज? ते किती शतकं बेचाळीस आणि बावीस दोन्ही घेऊन उभं आहे. वाचणारे वाचतात, रडणारे त्यावर डोकं ठेवून रडतात. ते पडत नव्हतं. पडत होते ते साहेब. आणि मी त्यांना धरलं."

"मग आता पुस्तक का वाचत नाही?"

"वाचवत नाही. त्यात चूक आहे म्हणून नाही गं. आता त्यात माझी खोटी सही आहे. उघडलं की तीच चिठ्ठी दिसते."

काकू इतका वेळ उभ्याच होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही चुकला नव्हतात?"

मास्तरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"पाच महिने मी तुम्हाला पेपर मोठ्यानं वाचून दाखवतेय," काकू म्हणाल्या. "जिना उतरताना हात धरतेय. शेजारणीला सांगितलं मी, यांना दिसत नाही. आणि तुम्ही धरू दिलात हात?"

साहेब, तुमच्या त्या चिठ्ठीनं काय केलं ते मी तिथं पाहिलं. काकू स्वयंपाकघरात गेल्या आणि नळ मोठा सोडून उभ्या राहिल्या. मास्तर माझ्याकडं न बघता म्हणाले, "जा आता. आणि माझी माफी मागत बसू नकोस, मी देऊन टाकीन, आणि तुला बरं वाटेल. ते मला नको आहे."

म्हणून मी माफी मागत नाही. लिहितेय. या पत्राबरोबर त्या पानाची नक्कल जोडली आहे. माझी शंका, मास्तरांची सही, त्याखाली तुमचं तांबडं उत्तर. असल पान नर्सबाईंकडं ठेवलं आहे. फॉर्म नीट सांभाळायची त्यांना सवय आहे. खुर्ची मी सोडली. त्यानं मी धुतली गेले असं नाही. मला रोज सकाळी उठल्यावर पहिल्यांदा तोच शब्द आठवतो, आणि आठवत राहू दे.

पण मला एक विचारायचं आहे. ज्या पुस्तकात पेत्राचं नाकारणं लिहून ठेवलंय, आपल्याच मोठ्या माणसाची लाज झाकलेली नाही, त्या पुस्तकाला तुमच्या झाकपाकीची गरज आहे असं तुम्हाला कुणी सांगितलं? त्यातल्या चुकांनी मंडळीतली एकही म्हातारी मेली नसती. नर्सबाईंना तुम्ही "मलाही माहीत नाही" म्हणाला असतात तर लोक हसले असते आणि घरी जाऊन जेवले असते. तुम्हाला तीन शब्द जड झाले, म्हणून तुम्ही एका माणसाचे डोळे काढलेत. त्याला दिसत असताना.

येत्या रविवारी मी येणार आहे. मागच्या बाकावर बसणार नाही. काकूही येणार आहेत. मास्तर येतील की नाही, ठाऊक नाही. शास्त्रात चुका आहेत की नाहीत याचं प्रवचन नको आहे मला, ते तुम्ही सवडीनं द्या. राजाचं वयही नका सांगू. फक्त एक सांगा, माइकवर, चारशे माणसांसमोर, जिथं आधी बोललात तिथंच उभे राहून: मास्तरांकडून चूक झाली होती का?

हो की नाही, साहेब?